पाणी नितळ झालं, म्हणजे नेमकं काय झालं?

दुधाची प्रत तपासायची एक जुनी रीत आहे. परीक्षानळीत दहा मिलिलिटर दूध घ्यायचं, त्यात एक मिलिलिटर मिथिलीन ब्लूचं पातळ द्रावण घालायचं, बूच लावून नळी ३७ अंशांच्या पाण्यात उभी करायची आणि घड्याळाकडे बघत बसायचं. सुरुवातीला दूध फिकट निळं दिसतं. मग ते पांढरं होत जातं. वरच्या बाजूला, जिथे हवा लागते तिथे, निळी कडा तेवढी शेवटपर्यंत रेंगाळते. रंग जायला पाच तास लागले तर दूध उत्तम. अर्ध्या तासात गेला तर दूध परत पाठवायच्या लायकीचं, कारण त्यात जिवाणूंची जत्रा भरलेली असते.

डेअरीतला तंत्रज्ञ या नळीकडे बघून ‘जिवाणूंनी रंग खाल्ला, दूध शुद्ध झालं’ असं कधी म्हणत नाही. रंगाचा रेणू कुठेही गेलेला नाही, हे त्याला ठाऊक असतं. जिवाणूंनी त्याला इलेक्ट्रॉन दिले आणि तो बिनरंगी झाला, इतकंच. नळीत हवा घालून खळबळली की निळाई परत डोकावते.

दुधाच्या जागी रंगखान्याचं सांडपाणी आलं की मात्र अशाच घटनेची बातमी होते. रंग खाणारा जिवाणू सापडला, त्याच्या विकरानं, म्हणजे एन्झाइमनं, इतक्या तासांत इतके टक्के रंग नाहीसा केला, प्रदूषणावर निसर्गानंच उपाय दिला. शेजारी दोन बाटल्यांचा फोटो असतो, एकीत गडद लाल पाणी आणि दुसरीत नितळ. असे शोधनिबंध आणि अशा बातम्या मी बरीच वर्षं वाचत आलो आहे. त्यामागचं जीवरसायन मला आजही मोहवतं. फोटोवर मात्र माझा विश्वास उरलेला नाही.

माझं म्हणणं असं आहे: कारखान्याच्या पाण्यातला रंग गेला की नाही एवढंच बघणारा नियम एरवी नुसता अपुरा असतो, पण जिवाणूंची विकरं वापरात आली की तोच नियम धोक्याचा होतो. कारण ही विकरं सगळ्यात आधी रंग घालवतात, आणि रंग हा नदीकाठच्या माणसाकडचा एकुलता एक साक्षीदार असतो.

आधी रंगाकडे बघू. विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलानं १८५६ साली क्विनीन बनवायला जाऊन चुकून जांभळा रंग बनवला, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण आजच्या रंगांचा खरा वंश सुरू होतो तो दोन वर्षांनी, पीटर ग्रीस यानं डायझो संयुगं शोधली तेव्हा. त्यातून ॲझो रंग आले, आणि आज वापरातल्या कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त रंग याच घराण्यातले आहेत. रचना सोपी आहे. बेंझीनसारखी दोन वलयं आणि त्यांच्यामध्ये दोन नायट्रोजन अणूंचा दुहेरी सांधा. प्रकाश शोषून रंग दाखवण्याचं काम मुख्यतः या सांध्यामुळे होतं. वलयांना काय काय जोडायचं ते बदलत गेलं की पिवळ्यापासून काळ्यापर्यंत काहीही मिळतं.

ज्या गुणांसाठी आपण रंगाला ‘पक्का’ म्हणतो, तेच गुण पुढे गळ्यात येतात. उन्हानं विटू नये, घामानं उतरू नये, साबणाला दाद देऊ नये म्हणून माणसानं मेहनतीनं घडवलेला रेणू सांडपाण्याच्या टाकीतल्या नेहमीच्या जिवाणूंनाही दाद देत नाही. आणि टाकीत तो थोडाथोडका येत नाही. कापसावर वापरले जाणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग १९५६ साली बाजारात आले. ते धाग्याशी पक्का रासायनिक बंध जोडतात, हीच त्यांची ख्याती. पण रंगाच्या भांड्यात धाग्याभोवती पाणीही असतं, आणि रंगाच्या काही रेणूंना धाग्याआधी पाणीच भेटतं. पाण्याशी सोयरीक जमलेला रेणू रंगीत राहतो, पण धाग्याला पुन्हा कधीच चिकटत नाही. तो धुण्यात निघतो आणि गटारात जातो. हा वाया जाणारा वाटा रंगाप्रमाणे बदलतो; काही रंगांत तो फारच मोठा असतो. सोबत लिटरमागे पन्नास-साठ ग्रॅम मीठ, दहा-अकराच्या घरातला पीएच आणि वाफाळतं पाणी. जिवाणूला या मेजवानीचं आमंत्रण द्यायचं असतं.

आता ते विकर. ॲझोरिडक्टेज हे त्याचं नाव, आणि त्याचं काम जवळून बघण्यासारखं आहे. त्याच्या खोबणीत एफएमएन नावाचा पिवळा घटक बसलेला असतो, ब-२ जीवनसत्त्वापासून बनलेला. पेशीतला इलेक्ट्रॉनांचा हमाल, एनएडीएच, खोबणीत येतो, एफएमएनच्या हाती दोन इलेक्ट्रॉन ठेवतो आणि बाहेर पडतो. मग त्याच खोबणीत रंगाचा रेणू येऊन बसतो आणि ते दोन इलेक्ट्रॉन उचलतो. आधीचा निघाल्याखेरीज पुढच्याला जागा नाही. या ये-जा करण्याला विकरशास्त्रात पिंगपाँग असंच म्हणतात. नायट्रोजनचा सांधा पुरता तुटायला चार इलेक्ट्रॉन लागतात, म्हणजे हा खेळ दोनदा होतो. दुसऱ्या फेरीअखेर एका रंगीत रेणूचे दोन बिनरंगी तुकडे झालेले असतात.

गंमत अशी की ॲझो सांधा निसर्गात जवळपास सापडतच नाही. जिवाणूंनी हे विकर आपल्या रंगांसाठी घडवलेलं नाही. क्विनोनसारख्या त्रासदायक रेणूंना निकामी करणं हे यातल्या अनेकांचं मूळचं काम असावं. आपला रंग त्या खोबणीत योगायोगानं बसतो. त्यामुळे सगळेच रंग बसत नाहीत, आणि जे बसतात ते सारख्या वेगानं तुटत नाहीत.

अडचणी आणखी दोन आहेत. हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांवर रंगापेक्षा आधी झडप घालतो, म्हणून हे काम बहुधा हवा नसलेल्या टाकीतच नीट चालतं. आणि कारखान्यातले बरेचसे रंग सल्फोनेट गटांमुळे विद्युतभारित असतात, त्यांना पेशीचं आवरण ओलांडता येत नाही. विकर घरात आणि रंग दाराबाहेर. यावर संशोधकांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. पेशीच्या आतबाहेर इलेक्ट्रॉन वाहून नेणारा एखादा लहान रेणू पाण्यात घालायचा. तो आतून इलेक्ट्रॉन घेतो, बाहेर येऊन रंगाला देतो आणि पुन्हा आत जातो. या कामासाठी तपासलेल्या रेणूंमध्ये लॉसोनही आहे, म्हणजे मेंदीच्या पानात असतो तो रंग. काट्यानं काटा काढायचा, तसा रंगानं रंग.

इथपर्यंतची कथा ऐकून कुणालाही टाळ्या वाजवाव्याशा वाटतील. मी थांबतो तो त्या दोन बिनरंगी तुकड्यांपाशी.

ॲझो सांधा तुटला की जे तुकडे पडतात ते ॲरोमॅटिक अमाइन या वर्गातले असतात. यातले बरेचसे निरुपद्रवी आहेत, हे आधीच सांगतो, नाहीतर लेख भीती घालण्यासाठी लिहिल्यासारखा होईल. पण याच वर्गात बेंझिडीन आहे, २-नॅफ्थिलअमाइन आहे, ऑर्थो-टोल्युडीन आहे. तिन्ही माणसात कर्करोग घडवतात हे सिद्ध झालेलं आहे. १८९५ साली फ्रँकफर्टचा शल्यविशारद लुडविग रेन यानं फुक्सिन हा किरमिजी रंग बनवणाऱ्या कामगारांमधल्या मूत्राशयाच्या गाठींची नोंद केली, तिथून हा इतिहास सुरू होतो. क्योटोमधल्या किमोनो रंगवणाऱ्या कारागिरांचं प्रकरण त्याहून बोलकं आहे. कुंचल्याला टोक यावं म्हणून ते तो जिभेवर ओला करत. त्यांच्यात मूत्राशयाचा कर्करोग जास्त दिसतो हे १९७० च्या दशकात नोंदलं गेलं. त्यांच्या पोटात रंग जात होता. त्या रंगातून बेंझिडीन सुटतं करायला आतड्यातले जिवाणू आणि यकृत समर्थ होते. आपण टाकीत कामाला लावू पाहतो ती ॲझोरिडक्टेजची मंडळी माणसाच्या आतड्यात पहिल्यापासून नोकरीला आहेत.

त्यांनी कधी भलंही केलं आहे. १९३२ साली बायर या जर्मन कंपनीतल्या गेरहार्ड डोमाक यानं प्रोंटोसिल हा लाल ॲझो रंग उंदरांवर वापरून पाहिला आणि जीवघेण्या स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंपासून उंदीर वाचले. परीक्षानळीत मात्र तोच रंग जिवाणूंचं काहीही बिघडवत नव्हता. हे कोडं पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी १९३५ साली सोडवलं. शरीरात ॲझो सांधा तुटतो आणि बाहेर पडलेला सल्फानिलमाइड हा बिनरंगी तुकडा खरं औषध असतो. लाल रंग हे नुसतं वेष्टन होतं. बायरच्या रसायनज्ञांनी रंगासाठी एवढा खटाटोप केला, आणि औषध निघालं १९०८ सालीच बनवून झालेलं एक साधं संयुग.

हा प्रसंग मी इथे आणला त्याला कारण आहे. रंग तुटल्यावर जे उरतं ते रंगाहून अधिक प्रभावी असू शकतं, हे विज्ञानाला १९३५ पासून माहीत आहे. तिथे तुकड्यानं जीव वाचवले. रंगखान्याच्या टाकीत कोणता तुकडा पडेल हे टाकीत कोणता रंग आला त्यावर ठरतं.

आणि कायद्याला हे माहीत नाही असंही नाही. युरोपीय संघानं २००२ साली त्वचेला बराच वेळ लागून राहणाऱ्या कापडाबद्दल आणि चामड्याबद्दल नियम केला. ॲझो रंगातून सुटू शकणाऱ्या २२ घातक अमाइनांची यादी दिली आणि किलोमागे ३० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली. या नियमाची तपासणी कशी होते ते बघण्यासारखं आहे. कापडाचा तुकडा घेतात, त्यावर सोडियम डायथायोनाइट सोडतात, ज्याला रंगारी ‘हायड्रोस’ म्हणतात, आणि ॲझो सांधा मुद्दाम तोडतात. मग सुटलेली अमाइनं मोजतात. कापडाचा रंग कसा दिसतो याच्याशी तपासनिसाला काही देणंघेणं नसतं. रंग तुटल्यावर काय निघतं, हाच प्रश्न.

म्हणजे शर्ट घालणाऱ्या माणसासाठी आपण रंग तोडून आतलं विष मोजतो. तोच शर्ट रंगवलेलं पाणी ज्याच्या विहिरीशेजारून वाहतं त्याच्यासाठी रंग तोडतो आणि आत काय निघालं ते न मोजता पाणी सोडून देतो. रसायन तेच, सांधा तोच, तुकडेही तेच. फरक एवढाच की पहिला माणूस गिऱ्हाईक आहे.

माशांच्या बाबतीतही नियम शहाणा झालेला दिसतो. मॅलाकाइट ग्रीन हा हिरवा रंग मत्स्यपालनात बुरशी मारायला वापरत. हा ॲझो घराण्यातला नाही, पण धडा तोच देतो. माशाच्या अंगात गेला की त्याचं क्षपण होऊन, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मिळून, ल्युको-मॅलाकाइट ग्रीन बनतं. हे बिनरंगी असतं, चरबीत मुरतं आणि मूळ रंगापेक्षा जास्त काळ मांसात टिकतं. म्हणून अन्नतपासणीत आता दोन्हींची बेरीज मोजतात. हिरवं दिसत नाही म्हणून मासा सुटला, असं होत नाही. आता जिवाणूंमध्ये एक विकर आहे, ट्रायफेनिलमिथेन रिडक्टेज. ते मॅलाकाइट ग्रीनचं नेमकं हेच ल्युको रूप करतं, आणि त्याचं वर्णन ‘रंग घालवणारं विकर’ म्हणून कौतुकानं केलं जातं. अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत ज्याला अवशेष म्हणायचं त्यालाच पर्यावरणाच्या प्रयोगशाळेत यश म्हणायचं, असा हा प्रकार आहे.

सांडपाण्याच्या रंगाचं मोजमाप हे तर एक वेगळंच प्रकरण. जगभर वापरात असलेलं प्लॅटिनम-कोबाल्ट एकक ॲलन हेझन यानं १८९२ साली सुचवलं, ते पिण्याच्या पाण्यातला पानापाचोळ्याचा पिवळसर-तपकिरी झाक मोजायला. किरमिजी किंवा मोरपंखी पाण्यापुढे ही फूटपट्टी बुचकळ्यात पडते. म्हणून पुढे कोणत्याही छटेला चालेल अशी एडीएमआय पद्धत आली. पण फूटपट्टी कितीही सुधारली तरी मोजते ती डोळ्याला दिसेल तेच. ॲरोमॅटिक अमाइनं अतिनील किरणं शोषतात; दृश्य प्रकाशात ती पाण्याइतकीच पारदर्शक.

इथे साक्षीदाराचा मुद्दा येतो. काही रंग लिटरमागे एक मिलिग्रॅमपेक्षा कमी असले तरी डोळ्याला दिसतात. एवढी संवेदनशील तपासणी फुकटात करणारं दुसरं यंत्र नाही. ओढ्याला लाल पाणी आलं की शाळकरी पोरालाही कळतं. तक्रार होते, फोटो निघतो, कुणीतरी अधिकारी येऊन नमुना घेतो. हे सगळं रंगामुळे होतं. पाण्यातली अमाइनं तशीच ठेवून फक्त रंग काढला, तर काठावरच्या माणसाकडे दाखवायला काही उरत नाही. त्याला क्रोमॅटोग्राफचा, म्हणजे रेणू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा, अहवाल आणायला सांगणार का? विषाआधी साक्षीदार जाऊ नये, ही मागणी मला फार मोठी वाटत नाही.

संशोधकांनाही यात सोडता येणार नाही. या विषयावरचे कितीतरी निबंध एकाच साच्यातून निघतात. एक शुद्ध रंग घ्यायचा, बहुधा काँगो रेड किंवा मिथिल ऑरेंज. स्वच्छ पोषकद्रव्यात ढवळायचा, जिवाणू सोडायचे आणि रंग सर्वात जास्त शोषतो त्या एकाच तरंगलांबीवर शोषण किती घटलं ते टक्क्यांत लिहायचं. टक्के नव्वदीच्या पुढे गेले की काम झालं. या घटीत पेशींना नुसता चिकटून बसलेला रंग किती, हे पुष्कळदा वेगळं काढलेलं नसतं. नळी फिरवून तळाचा गाळ बघितला तर कधीकधी तोच लाल झालेला असतो. रंग पाण्यातून गाळात गेला, तुटला नाही. खऱ्या सांडपाण्यात चार-सहा रंग, मीठ, खळीचा स्टार्च, साबण आणि तांब्या-क्रोमियमसारखे धातू एकत्र असतात, तिथे या टक्क्यांचं काय होतं हा प्रश्न ‘पुढील संशोधनासाठी’ राखून ठेवलेला असतो. पुढचा निबंध मग नव्या जिवाणूवर आणि पुन्हा काँगो रेडवर येतो.

याउलट एका जुन्या कामाचा मला नेहमी हेवा वाटतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला झुरिकमधल्या संशोधकांनी जिवाणूंना दीर्घकाळ एका ॲझो संयुगावर जगायची सवय लावली आणि हवेतही काम करणारी ॲझोरिडक्टेजं वेगळी काढली. ही विकरं इतकी चोखंदळ निघाली की रेणूवरचा हायड्रॉक्सिल गट एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकला तर ओळख द्यायची नाहीत. पण त्यांनी पुढचा, गैरसोयीचा प्रश्नही विचारला. सवयीच्या संयुगावर कार्बॉक्सिल गट होता. त्या जागी सल्फोनेट गट असलेला खराखुरा नारिंगी रंग दिला तर काय होतं? सांधा तुटला, पण सल्फोनेट असलेला तुकडा जिवाणूच्या घशाखाली उतरेना. तो तसाच साठला आणि पुढची सगळी वाट अडली. पाण्यात विरघळावा म्हणून रंगाला जो गट चिकटवतात, तोच गट जिवाणूला पचत नाही. या एका अपयशानं जेवढं शिकवलं तेवढं नव्वद टक्क्यांच्या शंभर यशांनी शिकवलेलं नाही, असं मी तरी म्हणेन.

मग ही विकरं नकोत का? हवीत. माझं भांडण त्यांच्याशी नाही.

ॲझो सांधा हवेविना तुटतो आणि त्यातून पडणारी बरीचशी अमाइनं हवेत, दुसऱ्या जिवाणूंच्या हाती पुढे मोडतात. म्हणून आधी बिनहवेची टाकी आणि मग हवेची, असा दोन टप्प्यांचा संसार गेली कित्येक वर्षं सुचवला जातो आणि काही ठिकाणी चालतोही. यातला दुसरा टप्पा महाग असतो, कारण तासन्‌तास हवा मारायला वीज लागते. पहिल्याच टप्प्यात पाणी नितळ झालेलं असतं. नियम फक्त रंग मोजत असेल, तर दुसऱ्या टप्प्यातला हवा मारणारा ब्लोअर रात्री बंद ठेवण्याचा मोह मालकाला का होऊ नये? माणूस वाईट असावा लागत नाही. बिल बघितलं की पुरे.

दुसरी वाट ऑक्सिडेशनची. लॅकेज हे तांब्याचं विकर १८८३ साली जपानी लॅकरच्या झाडाच्या चिकात सापडलं. बुरशींमध्ये ते भरपूर असतं, पण जिवाणूंचंही आहे. बॅसिलस सबटिलिसच्या बीजाणूच्या कवचातलं कोटए हे लॅकेज उष्णता बऱ्यापैकी सोसतं, आणि रंगखान्याच्या पाण्याला असाच टणक गडी लागतो. लॅकेजला एनएडीएच लागत नाही, हवेतला ऑक्सिजन पुरतो. आणि काही ॲझो रंगांच्या बाबतीत तर सांध्यातले दोन्ही नायट्रोजन वायू होऊन उडून जातात, अमाइन बनतच नाही. ही मला सगळ्यात आशेची गोष्ट वाटते. तरी इथेही तुकडे एकमेकांना चिकटून नवे मोठे रेणू बनतात, काही रंग मध्यस्थ रसायनाशिवाय हलत नाहीत आणि ते मध्यस्थ दर वेळी निरुपद्रवी असतातच असं नाही. डीवायपी नावाची पेरॉक्सिडेजं आहेत, ती १९९९ च्या सुमारास एका बुरशीत सापडली आणि मग जिवाणूंमध्ये जिकडेतिकडे दिसू लागली. त्यांना पाणी आम्लधर्मी लागतं. रंगखाना देतो अल्कलीचं. थोडक्यात, गुणी कारागीर पुष्कळ आहेत. कुणाला कुठलं काम द्यायचं हे ठरवायला समोर काय आलंय ते माहीत हवं.

आणि नेमकं तेच कळू दिलं जात नाही. १९२० च्या दशकापासून रंगांची जागतिक सूची आहे, कलर इंडेक्स. तिच्यात प्रत्येक रंगाला नाव आणि क्रमांक मिळतो. पण कितीतरी नव्या रंगांपुढे रासायनिक रचना दिलेलीच नसते, ती व्यापारी गुपित असते. डब्यावर व्यापारी नाव, आत कधी तीन रंगांचं मिश्रण. रंगखान्याच्या मालकालाही माहीत नसतं की आपण कोणता रेणू ओतला. मग त्याच्या टाकीत कोणतं अमाइन पडेल हे जिवाणू सोडणाऱ्या तंत्रज्ञाला कसं कळावं? रचना स्पर्धकाला सांगू नका, हवं तर. पण तो रंग तुटल्यावर कोणती अमाइनं सुटतात हे तरी डब्यावर छापा. कापडासाठी ही माहिती कंपन्या गिऱ्हाइकाला देतातच, कारण त्याशिवाय माल युरोपात उतरत नाही.

खर्चाचा आक्षेप येईल. प्रत्येक नमुन्यात २२ अमाइनं शोधणं लहान कारखान्याला परवडणार नाही, हे मान्य. पण रोज शोधायला कोण सांगतंय? विषारीपणा थेट जीवांवर तपासायच्या सोप्या चाचण्या आहेत: पाण्यातल्या डॅफ्निया पिसवा, प्रकाश देणारे सागरी जिवाणू, माशांची अंडी. त्यांना रेणूचं नाव माहीत नसलं तरी चालतं. जर्मनीच्या सांडपाणी नियमांत कापडउद्योगासाठी रंग तीन तरंगलांबींवर मोजतात आणि जोडीला माशांच्या अंड्यांवरचा परिणामही तपासतात. चाचणी वर्षातून मोजक्या वेळा, न सांगता झाली तरी ब्लोअर चालू राहतील. आणि ‘आमचे जिवाणू रंग नष्ट करतात’ म्हणून कल्चरचे डबे विकणाऱ्यांकडून एक हिशेब मागावा: इतका कार्बन आत आला, इतका वायू होऊन गेला, इतका गाळात, इतका पाण्यात. शोषणाचे टक्के त्यांनी स्वतःकडे ठेवावेत.

रंग काढण्यालाही अर्थ आहे, असं कुणी म्हणेल. आहेच. गडद पाण्यातून ऊन खाली उतरत नाही, पाणवनस्पती उपाशी राहतात. म्हणून रंगाची मर्यादा रद्द करा असं मी म्हणत नाही, ती एकटी ठेवू नका असं म्हणतोय.

आणि यातलं एक पाऊल असं आहे की त्याला नवा कायदा, नवं यंत्र, जास्तीचा पैसा काहीच लागत नाही. कापसाला काळा रंग द्यायला रिअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक ५ सर्रास वापरतात. त्यात दोन ॲझो सांधे असतात. बिनहवेच्या टाकीत दोन्ही तुटले की काळं पाणी छान निवळतं, आणि त्यातला मधला तुकडा हवेशी गाठ पडली की आपोआप ऑक्सिडाइज होऊन पाण्याला पुन्हा रंग चढवतो. नमुना टाकीच्या तोंडाशी बाटलीत गच्च भरून, बूच लावून नेला आणि लगेच मोजला तर तो नितळच भरणार. म्हणून तपासनिसानं बाटली उघडावी, नमुना रुंद तोंडाच्या भांड्यात ओतावा, एक दिवस हवेवर राहू द्यावा आणि मग मोजावा.